कासचं पाणी

२०२५ च्या जानेवारीत साताऱ्याला दादाच्या घरी जेवायला बसलो होतो. दुपारचा एक वाजून गेला होता. मागच्या दारातून आलेलं ऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलं होतं आणि वहिनी गरम गरम भाकऱ्या वाढत होत्या. पानात वांग्याचं भरीत, परतलेली मेथी, लसणीचा ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. दादा, हे, भाचा, त्याचा एक मित्र आणि मी. वहिनींनी मधोमध पाण्याचा तांब्या ठेवला आणि एकेकाच्या पानाशी फुलपात्र ठेवत आल्या. माझ्या पानाशी येऊन थांबल्या, आत गेल्या, आणि पदराला हात पुसत परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सीलबंद पाण्याची बाटली होती. "वन्सं, तुमच्यासाठी वेगळं आणून ठेवलंय," म्हणाल्या आणि पुढच्या भाकरीसाठी वळल्यासुद्धा. ह्यांच्या पानाशी मात्र फुलपात्रच होतं. कुणाला त्यात काही वाटलं नाही, बोलणं उसाच्या दरावरून पुढे चालू राहिलं. मी झाकण फिरवलं. सील तुटल्याचा तो बारीक आवाज मला एकटीलाच ऐकू आला असेल.

मी नको म्हणाले नाही. म्हणायला कारणही नव्हतं. मागच्या फेरीला, २०२३ च्या जुलैत, ह्याच घरी मी आजारी पडले होते. जुलाब, उलट्या, दोन दिवस सलाइन. वहिनींनी ते ध्यानात ठेवून माझ्यासाठी दुकानातून बाटल्या आणवून ठेवल्या, ह्यात प्रेमच होतं. तरीही ते पाणी घशाखाली उतरताना काहीतरी अडलं. ज्या घरात मी जन्मले, ज्या नळाखाली पहाटे हंडे लावत मोठी झाले, त्या घरात माझं पाणी वेगळं झालं होतं.

आता अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बसून हे लिहितेय, तरी तो आवाज मनातून जात नाही.

आमचं माहेरचं घर चिमणपुऱ्यात. त्या भागाला कासचं पाणी. डोंगरावरच्या तलावातून उताराने वाहत शहरात येतं, आणि माझ्या लहानपणी त्या पाण्याला घरात एक वेगळाच मान होता. कासचं पाणी डाळीला चांगलं, कासच्या पाण्यात भात मोकळा होतो, कासच्या पाण्याने केस मऊ राहतात, असं आई सांगायची आणि आम्ही निमूट मान्य करायचो. पाणी पहाटे सुटायचं. आधी नळातून नुसती हवा यायची, फुसफुस आवाज करत, मग दोन-तीन पिचकाऱ्या, आणि मग धार. थंडीत त्या धारेखाली हात धरला की बोटं काही वेळ आपली राहायची नाहीत. आई हंड्याच्या तोंडाला धुवट पांढरं फडकं बांधायची. पावसाळ्यात पाणी गढूळ यायचं, तेव्हा तुरटीचा खडा फिरवून ते तासभर निवळत ठेवायचं, आणि वरचं वरचं पाणी हलक्या हाताने पिंपात ओतायचं काम माझं होतं. गाळ न ढवळता ओतता यायला लागलं त्या दिवशी आई म्हणाली होती, "आता तू मोठी झालीस." दारात कुणीही येवो, पोस्टमन, कासाराची बाई, गावाकडून आलेला वाटेकरी, आधी हातात पाण्याचा तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा. ते द्यायचं कामही माझंच होतं. घरात कोण परकं आणि कोण आपलं हे मला कुणी शब्दांत शिकवलं नाही. ज्याला विचारून पाणी द्यायचं तो पाहुणा, आणि जो थेट आत येऊन माठावरचं भांडं उचलतो तो घरचा, एवढं आपोआप कळत गेलं.

आम्ही अमेरिकेत आलो ते २०१७ च्या सप्टेंबरात. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, मी शाळेतून. मुलाने तिथलं नागरिकत्व घेतलं तेव्हापासून तो आमच्या मागे होता. नागरिकांच्या आई-वडिलांना वर्षानुवर्षांच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, त्यामुळे अर्ज केल्यावर गोष्टी भराभर घडत गेल्या. मुंबईत वैद्यकीय तपासणी, दहाही बोटांचे ठसे, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. त्या कागदांत एक कागद होता ज्यावर मुलाने लिहून दिलं होतं की ह्या दोघांचा भार मी उचलीन, सरकारवर पडू देणार नाही. तो कागद मी दोन-तीनदा वाचला. ज्याच्या शाळेच्या फीसाठी मी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या, त्याच्या सहीखाली आता आमची नावं होती. अभिमान वाटला, आणि त्याच वेळी अंगावरून कुणीतरी शाल काढून घ्यावी तसं काहीसं झालं. दोन्ही खरं होतं.

शाहूपुरीतला फ्लॅट ठेवला, ह्यांची स्कूटर विकली, तुळस दादाकडे पोचवली. माणशी तेवीस किलोच्या दोन दोन बॅगा. त्यात काय बसवायचं ह्यावर महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मी आईचा तांब्या घेतला. वजन करताना ह्यांनी तो दोनदा बाहेर काढला आणि मी दोनदा परत आत ठेवला.

एडिसनला पहिल्या सकाळी मी पाण्याला काय करायचं असं सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आई, नळाचंच प्यायचं." मी तिच्याकडे बघतच राहिले. गाळायचं नाही, उकळायचं नाही, भरून ठेवायचं नाही. चोवीस तास, स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, अगदी अंगणातल्या झाडांनासुद्धा तेच पाणी. त्याला किंचित औषधाचा वास होता, पण काच स्वच्छ दिसावी तसं ते स्वच्छ होतं. मी आईच्या तांब्यात भरून ओट्यावर ठेवलं. आठवडाभराने लक्षात आलं की त्यातलं पाणी मी एकटीच पितेय, बाकीचे नळाखाली पेला धरतात आणि जातात. पाणी भरून ठेवायची गरज संपली की घरातलं एक माणूस रिकामं होतं. त्या घरात ते माणूस मी होते.

इथे जे मिळालं तेही तेवढंच मनापासून सांगायला हवं. नात तेव्हा चार वर्षांची होती. तिचे केस विंचरणं, शाळेची पिवळी बस येईपर्यंत कोपऱ्यावर तिचा हात धरून उभं राहणं, तिच्या लोकरी मोज्यांना येणारा तो ओलसर, दुधासारखा वास. हे मला साताऱ्यात बसून फोनच्या पडद्यावर कधी मिळालं नसतं. रविवारच्या मराठी शाळेत 'ळ' म्हणायला शिकली त्या दिवशी ती गाडीत घरापर्यंत 'बाळ, फळ, मूळ, केळ' म्हणत आली, आणि पुढच्या सीटवर बसलेल्या माझ्या डोळ्यांना धार लागली होती. ऑक्टोबरात मेपलची झाडं अशी पेटतात की साधी चालत जाणारी बाईसुद्धा थांबून बघते. पहिला बर्फ मी पहाटे चारला पाहिला. आवाज नव्हता काही. एवढं मोठं काहीतरी आकाशातून खाली येतंय आणि त्याला आवाज नाही, हे माझ्या पावसाळी मनाला पचायला वेळ लागला. ओक ट्री रोडला तर काय, कडीपत्ता, कोवळी गवार, हातसडीचे पोहे, दिवाळीत पणत्या, सगळं. दुकानात कानावर गुजराती जास्त पडतं, पण भाजी निवडताना शेंग मोडून बघणारा हात दिसला की भाषा वेगळी असली तरी ओळख पटते.

आणि हे. खरं तर यायचं नव्हतं ते ह्यांना. साताऱ्याबाहेर चार दिवस काढायचे तर चिडचिड करणारा माणूस. विमानात बसेपर्यंत मला म्हणत होते, "तुझ्या हट्टापायी चाललोय." तेच इथे असे रुजले की बघत राहावं. सदुसष्टाव्या वर्षी गाडी चालवायचा परवाना काढला. रोज रूझवेल्ट पार्कच्या तळ्याभोवती दोन फेऱ्या, मग वाचनालय. ह्या गावाला ज्याचं नाव १९५४ मध्ये दिलं त्या थॉमस एडिसनची प्रयोगशाळा इथल्याच मेनलो पार्कात होती. १८७९ मध्ये त्याने तिथे विजेचा दिवा पेटवून दाखवला. आता त्या जागी एक मनोरा आहे आणि त्याच्या डोक्यावर भलाथोरला काचेचा दिवा. भारतातून कुणीही आलं की हे त्यांना आधी तिथे नेतात. लहानपणी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेला हा माणूस. त्यांच्या गावात वीज आली तेव्हा ते दहावीला होते. त्या मनोऱ्याखाली उभे राहून मान वर करून बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं, ते मी साताऱ्यात शेवटच्या काही वर्षांत पाहिलं नव्हतं.

म्हणजे यायचा हट्ट माझा, आणि रुजले ते.

मी का रुजले नाही, ह्याचा विचार मी पुष्कळदा केलाय. पैशाचं कारण आहे, पण ते एकटं नाही. माझं पेन्शन साताऱ्यात घर चालवून वर नातेवाइकांच्या लग्नकार्याला पुरतं. इथे त्याचे साडेपाचशे डॉलरसुद्धा होत नाहीत. पासष्टीच्या पुढे मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळतो, पण बाहेरून आलेल्यांना आधी सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. ती पाच वर्षं खोकला आला तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो. २०२२ मध्ये तो मिळाला, पण आम्ही इथे दहा वर्षं नोकरी केलेली नाही, त्यामुळे रुग्णालयाच्या भागाचा पूर्ण हप्ता भरावा लागतो. २०२५ मध्ये तो महिना ५१८ डॉलर होता आणि डॉक्टरांच्या भागाचे १८५ वेगळे. दोघांचे मिळून महिन्याला १,४०६. आमची दोघांची पेन्शनं एकत्र केली तरी हा आकडा गाठत नाही. तो मुलगा भरतो. कधी बोलून दाखवत नाही, सूनही नाही. पण ज्या दिवशी हप्ता जातो त्या दिवशी मी नवीन चप्पल हवी आहे हे सांगत नाही. चाळीस वर्षं पगार घेतलेल्या बाईला हात पसरायला लागत नाहीत तरी पसरल्यासारखं वाटतं, आणि हे मुलाला सांगितलं तर त्याला दुखेल म्हणून तेही सांगायचं नाही.

मग कागद. भारतातली साधी बचत खाती एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांची, करून घ्या. तिथल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तर ते इथल्या सरकारला कळवा. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला. त्यासाठी मेट्रोपार्क स्टेशनहून आगगाडीने न्यूयॉर्क गाठायचं, सेंट्रल पार्कजवळच्या आपल्या वकिलातीत जायचं. तिथे माझ्यासारख्याच स्वेटरवर साडी नेसलेल्या बायका, कानटोपी घातलेले पुरुष, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत पेन्शनचं पुस्तक. एका वर्षी तिथे सांगलीच्या एक बाई भेटल्या. पाच मिनिटांत आम्ही एकमेकींच्या सुनांची नावं, गुडघ्यांची अवस्था आणि हळदीचा भाव इथपर्यंत पोचलो. नंबर आला, त्या उठून गेल्या, नंतर गर्दीत दिसल्या नाहीत. त्या बाई मला अजून आठवतात.

दिवसही मोजावे लागतात. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर नागरिकत्वाच्या हिशेबात खोट येते, वर्षाच्या वर राहिलं तर ग्रीन कार्डच जायची वेळ येते, आधी परवानगी काढली तर दोन वर्षांपर्यंत चालतं. त्यामुळे साताऱ्याला गेलं तरी कॅलेंडरवर परतीच्या तारखेभोवती गोल असतोच. नागरिकत्वाचा अर्ज पाच वर्षं झाल्यावर भरता आला असता. तो अजून टेबलाच्या खणात आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. पासपोर्ट परत करायचा, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड घ्यायचं. त्या कार्डावर जन्मभर येता-जाता येतं, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. हे म्हणतात, आता कुठली शेतजमीन घेणार आहोत आपण. बरोबर आहे. मीही काही घेणार नाहीये. पण घेता येत असून न घेणं आणि घेताच न येणं ह्यांत मला फरक वाटतो, आणि तो कुणाला पटवून द्यायची माझी ताकद नाही.

पण हे सगळं एकीकडे ठेवलं तरी ते मूळ दुखणं राहतंच. इथे मला सगळे बसवतात. "आई, तुम्ही बसा." सून चांगली आहे, माझ्या पोटच्या मुलीइतकी. ती ऑफिसातून दमून येते आणि मी उठून चहा टाकायला गेले की म्हणते, "आई, बसा ना तुम्ही." तिच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे असावा हे तिचं ठरलेलं आहे आणि ते तसंच असायला हवं. माझ्या स्वयंपाकघरातही तसंच होतं. हिंग-मोहरीची फोडणी जरा जोरात झाली की छताला लावलेलं धुराचं यंत्र कर्कश ओरडायला लागतं, मग सगळे धावतात, कुणी टॉवेल हलवतं, कुणी खिडकी उघडतं. कुणी रागवत नाही. फक्त पुढच्या वेळी मी फोडणी मंद ठेवते, आणि आमटीला तिची चव येत नाही. बाहेर जायचं तर कुणीतरी गाडी काढायला हवी. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. त्या वेळी घरात कुणी नसतं, भिंतीतून गरम हवा येत असते, आणि मी खिडकीत उभी राहून रस्त्याकडे बघते. दिवे लागलेली घरं दिसतात, माणूस दिसत नाही. साताऱ्यात त्या वेळेला रस्त्यावर भाजीच्या गाड्या लागलेल्या असतात, देवळातली घंटा ऐकू येत असते, आणि कुणीतरी हटकून विचारतंच, "काय बाई, आज उशीर?"

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या मराठी मंडळातल्या एक बाई गेल्या. नाशिकच्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अटलांटिक सिटीतल्या अधिवेशनात, २०२२ मध्ये, आम्ही दोघी 'उत्तररंग'ला शेजारी बसलो होतो. ज्येष्ठांसाठीचा तो कार्यक्रम. मृत्युपत्र, विमा, एकटेपण अशा विषयांवर बोलणं चाललं होतं आणि त्या पर्समधून काढून मला एकेक आवळासुपारी देत होत्या. त्या गेल्यावर पाचव्या दिवशी अंत्यविधी झाला, कारण दुसऱ्या मुलीला विमान मिळायला वेळ लागला. ती जागा स्वच्छ, गालिचा अंथरलेली, ठरवून दिलेली वेळ. त्यांना नीट साडी नेसवली होती, चेहऱ्यावर रंग होता, जरा जास्तच. गुरुजींनी मंत्र म्हटले. मग मुलीने एक बटन दाबलं. कुणी मोठ्याने रडलं नाही. बाहेर आलो तेव्हा गाड्यांवर बारीक बर्फ साठला होता आणि प्रत्येक जण आपापली काच खरवडत होता. अस्थी मुलीने घरी ठेवल्या आणि उन्हाळ्यात रामकुंडावर नेल्या. परतताना गाडीत मी ह्यांना म्हटलं, "माझं माहुलीला करा." कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आई-वडील, काका, सगळ्यांना पोचवलंय. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझं कुठेही चालेल. तू असशील तिथे." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं काही कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि साताऱ्याला गेलं की? फ्लॅटचं दार उघडलं की कोंदट, पालींचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा वास येतो. गॅस सुरू करणं, विजेचं थकलेलं बिल, मोटर बिघडलेली. घर लागायला पंधरा दिवस जातात. राजवाड्यावर ओळखीचं कुणी भेटलं की एका श्वासात दोन प्रश्न, "कधी आलात? कधी जाणार?" कासच्या रस्त्याला गेलो तर फुलांच्या हंगामात गाड्यांची रांग यवतेश्वरच्या घाटापर्यंत. माझ्या बरोबरीच्या बायकांची भिशी मी गेल्यानंतर दुसऱ्या एकीला घेऊन पूर्ण झालीय. त्या मला बोलावतात, साखर-खोबऱ्यासारखं गोड बोलतात, खुर्चीवर बसवतात. बसवतात.

जानेवारीची ती बाटली ह्या सगळ्याच्या वर येऊन बसली. मार्चच्या सुरुवातीला आम्ही परतलो. नेवार्कच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ग्रीन कार्ड बघितलं, किती दिवस बाहेर होता विचारलं, बोटं टेकवायला सांगितली आणि कार्ड परत देताना म्हणाला, "वेलकम होम." तो कोवळा पोरगा होता, दिवसातून हजार जणांना म्हणत असेल. तरी ते शब्द मी गाडीत बसेपर्यंत हातात धरून चालले. ज्या देशात मी अजून पाहुणी आहे तिथे मला घरी आलात म्हणतात, आणि माझ्या घरी मला पाहुणीचं पाणी.

एप्रिलमध्ये न राहवून मी वहिनींना विचारलंच. रात्रीचे नऊ, म्हणजे त्यांच्याकडे सकाळचे साडेसहा. इकडतिकडचं बोलून झालं, आणि मी म्हटलं, "वहिनी, एक सांगू का? पुढच्या वेळी मला बाटली नका देऊ. आपलं कासचं द्या. आजारी पडले तर पडले."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन तुटला.

मग त्या म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही आजारी पडलात त्या रात्री तुमच्या मुलाचा फोन आला होता. मी दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसले होते. त्याने विचारलं, मामी, तुम्ही तिला पाणी कुठलं दिलंत?" एवढं बोलून त्या थांबल्या. "रागाने नाही हो म्हणाला. घाबरला होता. पण मी त्या दिवशी पाणी उकळलेलं नव्हतं. पाहुणे होते घरात, गडबड होती. मी त्याला सांगितलं उकळलेलं होतं म्हणून. खोटं बोलले. तेव्हापासून तुम्ही येणार म्हटलं की मला धडकी भरते. काही झालं तर मी त्याला काय सांगू?"

मला काय बोलावं कळेना. पावणेदोन वर्षं ही बाई एका प्रश्नाचं ओझं घेऊन बसली होती आणि मी तिच्या बाटलीचं ओझं घेऊन. मी म्हटलं, "वहिनी, अहो, मी काय फुलपात्रभर पाण्याचा हिशेब मागणार आहे का तुमच्याकडे?" आणि आम्ही दोघीही रडलो, तिकडे त्या, इकडे मी, एकमेकींना दिसू नये म्हणून फोन कानाला लावून.

मुलगा बाहेरच्या खोलीत काम करत होता. मी त्याला जाऊन सांगितलं. त्याने लॅपटॉप मिटला. "मी असं विचारलं होतं?" त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याला त्या रात्रीचं फक्त माझं रक्तदाबाचं माप आठवत होतं, नव्वद-साठ, आणि इथे ऑफिसातल्या जिन्यात उभं राहून तो सारखा कुणाला ना कुणाला फोन लावत होता ते. थोडा वेळ तो हाताच्या बोटांकडे बघत बसला. मग उठला, माझ्या हातातला फोन घेतला आणि मामीला परत लावला. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणाला, "मामी, मी बोलतोय. पाणी आलं का?"

"आत्ता सुटतंय," वहिनींचा आवाज आला, अजून ओला. "थांब हं, हंडा लावते." त्यांनी फोन तसाच ओट्यावर ठेवला असावा. आधी नुसती हवा ऐकू आली, फुसफुसणारी. मग दोन-तीन पिचकाऱ्या. मग हंड्याच्या बुडावर धार पडल्याचा पोकळ, मोठा आवाज. नात वरून जिना उतरून आली आणि विचारायला तोंड उघडलं, तेव्हा मुलाने बोट ओठांवर ठेवलं. हंडा भरत आला तसा तो आवाज वर वर चढत बारीक होत गेला, आणि फोन कुणीच ठेवला नाही.